हरणी कशानं गेली

ओल्या रस्त्याचं उदाहरण धर्मराज सरांनी अगदी सहज दिलं होतं. त्यात कुणाच्या जिवाला घोर लागावा असं काही नव्हतं. फळ्यावर त्यांनी तीन ओळी लिहिल्या. पाऊस पडला की रस्ता ओला होतो. रस्ता ओला आहे. म्हणून पाऊस पडला. मग हात झटकून त्यांनी विचारलं, "या युक्तिवादात दोष कुठं आहे?" मे महिना, बीड शहर, नळाला पंधरा दिवसांनी पाणी. मागच्या बाकावरची एक मुलगी जराही विचार न करता म्हणाली, "सर, टँकर गळला आसंल!" सगळा क्लास खो खो हसला. सरही हसले आणि म्हणाले, हेच उत्तर, परीक्षेत फक्त 'टँकर' लिहू नका. मीही हसणारच होतो, पण नजर फळ्यावर गेली. फळ्यावरच्या ओळी मला वेगळ्याच दिसायला लागल्या होत्या. पाणी घातलं की दुधाची डिग्री उतरते. भिवराबाईच्या दुधाची डिग्री उतरली आहे. म्हणून भिवराबाईनं दुधात पाणी घातलं. हे मी बोललो होतो, सहा वर्षांपूर्वी, अकरा संचालकांसमोर उभं राहून, चांगल्या खणखणीत आवाजात. आणि तेव्हा कुणीही हसलं नव्हतं.

माझं वय अडतीस. एका वकीलसाहेबांकडे मी कारकून आहे. तारखा लिहिणं, नकला काढणं, पक्षकारांना चहा पाजून थोपवून धरणं ही माझी कामं. क्लासमधली पोरं मला काका म्हणतात. कायद्याच्या तीन वर्षांच्या कोर्सला वयाची अट नाही हे कळल्यापासून माझी बायको सरस्वती माझ्या मागं लागली होती. "तुमच्याशी भांडून भांडून मी अर्धी वकील झाले," ती म्हणायची, "आता तुम्ही निदान पूर्ण तरी व्हा." तर मी प्रवेश परीक्षेच्या क्लासची फी भरली. इंग्रजीत मी मार खातो, सामान्य ज्ञानात जेमतेम. पण युक्तिवादातले दोष ओळखा हा भाग आला की पोरं माझ्या वहीत डोकावतात. सराव परीक्षेत चोविसापैकी बावीस. "काका, तुम्हाला लगेच कसं दिसतं हो?" लोकांच्या बोलण्यात कुठं पाणी मुरतंय ते मला लहानपणापासून दिसतं. शाळेत मास्तरांच्या बोलण्यातलं दिसायचं, सासुरवाडीत सासऱ्यांच्या बोलण्यातलं दिसलं, म्हणून मी तिथं फारसा कुणाला आवडत नाही. स्वतःच्या बोलण्यातलं मात्र फळ्यावर रस्ता ओला झाल्याशिवाय दिसलं नाही.

आमचं गाव नेकनूरपासून चार किलोमीटर आत. तिथल्या सहकारी दूध संस्थेचा मी सचिव होतो, म्हणजे दूध मोजणारा, डिग्री लावणारा, वही लिहिणारा, सगळं मीच. डिग्री लावायचं यंत्र म्हणजे काचेची एक नळी. दुधात सोडली की तरंगते, दूध दाट असेल तर वर राहते, पातळ असेल तर खाली बुडते. नळीवर आकडे. सव्वीसच्या खाली गेली की पाणी, असं मला शिकवलं होतं आणि मी ते देवाच्या वचनासारखं धरलं होतं. दोन हजार तेराचा तो उन्हाळा. विहिरींचे तळ दिसत होते, जनावरांच्या बरगड्या मोजता येत होत्या. अशात आमच्या संस्थेचा कॅन शीतकरण केंद्रावरून परत आला, दूध पातळ म्हणून. आठ दिवसांनी दुसऱ्यांदा परत आला. तिसऱ्यांदा आला तर गाडी गावात येणार नाही, असा निरोप होता. बासष्ट घरं त्या गाडीवर जगत होती. आमचे चेअरमन राधाकिशन अण्णा, जुना धिप्पाड माणूस, डोक्याला हात लावून संस्थेच्या ओट्यावर बसले आणि मला म्हणाले, "उत्तरेश्वर, चोर हुडीक बे. कुणीतरी एकजण हाय, आन् त्याच्यापायी समदं गाव मरतंय." कुणीतरी एकजण आहे, हे अण्णांनी कशावरून धरलं, ते मी विचारलं नाही. आज प्रश्नपत्रिकेत आलं तर मी त्याच्यावर पहिली खूण करीन.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकेकाच्या भांड्यात नळी सोडली. सव्वीस, सत्तावीस, सव्वीस, एकाचं अठ्ठावीस. भिवराबाई शेवटी आली. ती नेहमीच शेवटी यायची, कारण तिचा गोठा लांब, माळाच्या टोकाला. नवरा वारलेला, मुलगा आणि सून ऊसतोडीला गेलेले ते अजून कर्नाटकातच, घरी ती आणि तिची हरणी नावाची जरशी गाय. पदराखाली बादली झाकून आणायची, धूळ बसू नये म्हणून. नळी सोडली तर बावीस. मी पुन्हा सोडली. बावीस. मला आठवतं, त्या क्षणी मला वाईट वाटलं नव्हतं. गणित सुटल्यावर वाटतं तसं छान वाटलं होतं. पदराखाली झाकून आणते, हेसुद्धा मला तेव्हाच खटकलं, आदल्या दिवसापर्यंत ती स्वच्छता होती.

धर्मराज सर एव्हाना पुढच्या प्रकाराकडे गेले होते. आधी आणि नंतर. मांजर आडवं गेलं, नंतर गाडी पंक्चर झाली, म्हणून मांजरामुळे पंक्चर झाली. पोरं वहीत उतरवत होती. वरचा पंखा करकरत होता, दोनपैकी एकच चालतो, आणि मी फिरत नसलेल्या पंख्याखाली बसलो होतो. घाम पाठीवरून उतरत होता आणि मला आमच्या संस्थेची बैठक दिसत होती, सतरंजी, भिंतीवरचं कॅलेंडर, दारात गोळा झालेल्या बायका. भिवराबाई उंबऱ्याच्या आत एक पाऊल टाकून उभी होती. मी बोललो. पाणी घातलं की डिग्री उतरते, बाईंची डिग्री उतरली आहे, म्हणून. 'म्हणून' म्हणताना मी थोडा थांबलो होतो, वकील थांबतात तसा. ती म्हणाली, "म्या न्हाई घातलं." तेवढंच. अण्णा म्हणाले, "मंग उचल बेलभंडारा." आमच्याकडे अजूनही ते चालतं. खंडोबाचा भंडारा आणि बेलाचं पान तळहातावर घेऊन बोलायचं. खोटं बोललं तर देव घरातलं एक माणूस किंवा एक जनावर नेतो. कुणीतरी पळत जाऊन देवळातून ताट आणलं. तिनं हात पुढं केला. भंडारा तळहातावर पडला तेव्हा तो हात थरथरत होता, आणि मी मनात म्हटलं, बघा. खरं बोलणाऱ्याचा हात कशाला थरथरेल? ती म्हणाली, पाणी घातलं नाही. पण शपथ घेऊन डिग्री वर येत नाही, असं मीच बोललो, आणि लोकांनी माना डोलावल्या. ठराव माझ्याच अक्षरात आहे. श्रीमती भिवराबाई यांचे दूध घेण्यात येऊ नये, व नियमाप्रमाणे संस्थेची पेंड बंद करण्यात यावी. खाली मी पट्टी धरून दोन रेघा मारल्या. बाहेर पडताना अण्णांनी पाठीवर थाप मारली. "तू वकीलच व्हायला पायजेस बे!" माझं हे वकिलीचं वेड त्या थापेपासूनचं आहे. सरस्वतीला मी असं कधी सांगितलेलं नाही. तिला वाटतं ते तिच्यामुळं आहे.

नंतरचं मी सांगायला पाहिजे, कारण ते मी इतकी वर्षं स्वतःलाही नीट सांगितलेलं नाही. ठरावानंतर आठवडाभरानं शीतकरण केंद्रावर गेलो होतो, तिथल्या भिंतीवर एक पत्रक चिकटवलेलं होतं. जनावर अर्धपोटी असेल, वैरण निकस असेल, तर पाणी न घालताही दुधाची डिग्री उतरते. आणि दूध फार गरम असेल तरी नळी खाली बसते. मी ते दोनदा वाचलं. भिवराबाईचं दूध माळावरून उन्हातून यायचं. गावी आलो आणि कुणाला बोललो नाही. अण्णांना सांगावं, बैठक पुन्हा बोलवावी, असं रोज सकाळी वाटायचं, आणि दूध मोजायला बसलो की राहून जायचं. अशात एकोणिसाव्या दिवशी हरणी मेली. गावानं ताबडतोब निकाल दिला: खोटा भंडारा उचलला, देवानं गाय नेली. मला काय वाटलं? मला सुटल्यासारखं वाटलं. पत्रक गेलं, शंका गेली. खुद्द खंडोबानं माझ्या 'म्हणून'वर सही केली होती. त्याच आठवड्यात आमचा सर्जा नावाचा बैल गोठ्यात बसला तो उठला नाही. लिंबागणेशच्या रस्त्याला जागोजाग जनावरं पडलेली होती. त्यांच्या मालकांनी कुठला भंडारा उचलला होता, हे कुणी कुणाला विचारलं नाही. मीही नाही, ज्याला सगळ्यांच्या बोलण्यातलं दिसतं.

"एक लक्षात ठेवा," सर शेवटी म्हणत होते, "युक्तिवाद सदोष निघाला म्हणजे निष्कर्ष खोटा निघाला, असं नाही. इथं मुलं हमखास मार्क घालवतात." मी ते वाक्य वहीत उतरवून घेतलं, पण माझं त्यात लक्ष नव्हतं. मी भिवराबाईकडे जायचं ठरवत होतो. जाऊन सांगायचं, मावशी, तुम्ही पाणी घातलं नव्हतं, चूक माझी होती. परीक्षेला बारा दिवस राहिले होते. घरी सरस्वतीला म्हटलं, रविवारी गावी जाऊन येतो. ती म्हणाली, "इंग्रजी कोण करणार, तुमचे सासरे?" मी तिला सगळं सांगितलं. पोळी लाटता लाटता तिनं ऐकलं, लाटणं थांबवलं नाही, आणि शेवटी एवढंच म्हणाली, "आणि तिनं विचारलं, आत्ता कसं आठवलं, तर?" सहा वर्षं बाई त्याच गावात होती. सणावारी मी गेलो की रस्त्यात दिसायची. मान खाली घालून कडेनं जायची, आणि मी तिच्या त्या खाली घातलेल्या मानेकडं बघून म्हणायचो, चोरी केलेला माणूस असाच चालतो.

नेकनूरच्या बसमध्ये मी खिडकीशी बसून वाक्यं जुळवली. सुरुवात कुठून करायची, माफी कुठं मागायची, पत्रकाचं सांगायचं की नाही. बाहेर सगळं भाजून निघालेलं, बाभळीसुद्धा मरगळलेल्या. मला माझी वाक्यं आवडत होती, हे कबूल करतो. मी तिला तिचं नाव परत देणार होतो. अण्णा वारून दोन वर्षं झाली होती, संस्था बंद पडून तीन. आता ते परत देण्याच्या लायकीचा एकटा मीच उरलो होतो, या विचारानं मला जरा भरूनही आलं. माणूस चूक कबूल करायला निघतो तेव्हासुद्धा हारतुऱ्यांची वाट बघत असतो.

ती गावात नव्हती. यंदाही गुरांची चारा छावणी उघडली होती, पाझर तलावाच्या कोरड्या पोटात, आणि जनावराबरोबर माणूस राहायला लागतं म्हणून म्हातारीकोतारी सगळी तिकडं होती. हिरव्या जाळीखाली रांगेनं बांधलेली गुरं, उसाच्या वाढ्यांचा, म्हणजे शेंड्याकडच्या पाल्याचा आंबूस वास, माशा. भिवराबाई तिच्या भावानं दिलेल्या एका कालवडीजवळ बसून वाढे तोडत होती. खूप वाळली होती. मला बघून तिनं पदर पुढं ओढला, बसायला पोतं टाकलं, मडक्यातून पाणी दिलं. "परीक्षा देतूस म्हनं," ती जमिनीकडं बघत म्हणाली. गावात सगळं कळतं. मी पाणी प्यालो आणि जुळवलेली वाक्यं सांगायला लागलो. डिग्री कशाकशानं उतरते, मी काय धरून चाललो, कुठं चुकलो. ती ऐकत होती, हात विळीवर चालूच होते.

"कुनी सांगितलं तुला ह्ये?"

"पुस्तकात हाय, मावशी."

"पुस्तकात माजं नाव हाय?"

"नाव न्हाई. पर तसलंच हाय. तुमी पानी घातलं न्हवतं, आन् म्या..."

"घातलं व्हतं रं."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. तिनं हातातलं वाढं खाली ठेवलं, पण मान वर केली नाही.

"एक तांब्या," ती म्हणाली. "हरणी आटत चाललीती. लिटर भरंना. लिटर भरलं न्हाई तर तुमी दूध घेत न्हवते, आन् दूध घातलं न्हाई तर पेंड न्हाई. दोन दिस तांब्या तांब्या घातलं. तिच्याच तोंडात पेंड पडावी मनून घातलं. मंग अण्णा मनले, उचल भंडारा. लेक न्हाई, सून न्हाई, समदं गाव दारात. काय करू? उचलला. खोटा उचलला. देवानं मला न्यावं का न्हाई? मला ठिवलं आन् त्या मुक्या जनावराला नेलं. म्या मारली तिला. माज्या जिभंनं मारली."

पहिल्यांदा मला काय झालं ते लपवत नाही. आनंद झाला. म्हणजे मी बरोबर होतो! युक्तिवाद फुसका होता, पण उत्तर बरोबर होतं. सर म्हणाले होते तसंच. सहा वर्षांचं ओझं एका घोटात उतरलं, आणि ते उतरलं म्हणून मी तिच्याकडं मायेनं बघायला लागलो. आता मला फक्त दोन समजुतीचे शब्द बोलायचे होते, झालं गेलं मावशी, आणि दोनची बस धरायची होती. तिनं मला दोष दिलेला नव्हता. देणारही नव्हती. ती पुन्हा वाढे तोडायला लागली होती, आणि कालवडीला घालताना हात लांब ठेवून घालत होती, तिला स्पर्श होऊ नये असा. ते मी बघितलं आणि मला माझ्या वहीतली मांजराची ओळ आठवली. भंडारा उचलला, नंतर गाय मेली, म्हणून. हा दोष ओळखायला मला चार सेकंदही लागत नाहीत. पण दोष ओळखून प्रश्न संपत नव्हता. देवानं नेली नाही, तर हरणी कशानं गेली? आटत आलेली गाय, विहीर कोरडी, कडबा संपलेला. तिला जगवणारी एकच वस्तू होती, संस्थेची पेंड. ती ज्या दिवशी बंद झाली त्या दिवसापासून मोजले तर एकोणीस दिवस. आजवर हे मोजायचं मला सुचलं नव्हतं. मोजणारा मीच, वही माझीच, आणि दोन रेघाही माझ्याच.

गप्प बसणं फार सोपं होतं. ती शपथेला दोष देत होती, शपथ अण्णांनी घ्यायला लावली होती, आणि अण्णा वारले होते. मी पाण्याचा रिकामा गडू हातात घेऊन बसलो होतो. पुन्हा पाणी मागायची लाज वाटत होती.

"मावशी, हरणी भंडाऱ्यानं न्हाई गेली," मी म्हणालो. "आमचा सर्जा त्याच हप्त्यात गेला. आमी कोनता भंडारा उचललता? ती उपाशी गेली. पेंड बंद केली मनून गेली. आन् पेंड बंद करा, ह्ये म्या लिव्हलं. अण्णांनी न्हाई, देवानं न्हाई. म्या."

तिचे हात थांबले. शेजारच्या दावणीला एक बैल लांबलचक हंबरला आणि गप्प झाला. मग तिनं हळूच विचारलं, "उपाशी गेली?"

"व्हय."

"माज्या जिभंनं न्हाई?"

"न्हाई, मावशी."

"पानी घातलं तरीबी न्हाई?"

"तरीबी न्हाई."

ती रडेल असं मला वाटलं, आणि रडली तर मी काय करायचं, तेही मी ठरवून टाकलं होतं. ती रडली नाही. गुडघ्यावर हात रेटून ती उठली आणि सरळ उभी राहिली, आणि माझ्या लक्षात आलं की ती चांगली उंच बाई आहे. सहा वर्षांत मी तिचे डोळे बघितले नव्हते. ते आता माझ्या डोळ्यांत होते.

"मंग मेल्या, सा वर्सं कुटं मेलतास?" ती ओरडली. "सा वर्सं म्या देवळाची पायरी चढले न्हाई. नातीला मांडीवर घेतलं न्हाई, माज्या हातानं मरंल मनून. ह्या कालवडीला मायेनं थापटलं न्हाई. आन् तू पुस्तकं वाचीत हिंडतूस व्हय? परीक्षा देतूस?" जाळीखालची माणसं वळून बघायला लागली. दोघीतिघी जणी उठून जवळ आल्या. कुणीतरी म्हणालं, काय झालं, भिवराबाई? तिनं त्यांच्याकडं बघितलंसुद्धा नाही. मीही उठून उभा राहिलो होतो. दोनच्या बसचा हॉर्न फाट्यावर वाजत होता, तो मला ऐकू येत होता. बोलता बोलता तिला धाप लागली, ती वाकली, मडक्यातून स्वतःच पाणी घेऊन प्याली आणि तोंड पुसून पुन्हा माझ्याकडे वळली.

"हाल नगंस," ती म्हणाली. "आजून झालं न्हाई माजं."

मी हललो नाही.